सगळे हेच ठेवतात

उन्हाळ्याच्या सुट्टीत आपा मुलांना घेऊन आमच्याकडे आली होती. तिचा धाकटा यंदा दहावीत गेला. दुपारभर कूलरसमोर पालथा पडून मोबाइलवर पोकेमॉनच्या लढती खेळायचा. एक दिवस मी जोहरची नमाज पढून घरी आलो तर साहेब तोंड पाडून बसलेले. मित्राबरोबरची लढत हरला होता, आणि तीही स्वतःच्याच हातानं. त्याच्या गारचॉम्पनं 'अर्थक्वेक' केला, म्हणजे भूकंप. त्या भूकंपात शेजारी उभा असलेला त्याचाच हीट्रान आडवा झाला.

"आपल्याच माणसाला मारणारा मूव्ह कशाला ठेवलास?"

"साइटवर होता, मामू. गारचॉम्पचा नंबर एकचा सेट आहे."

"बरं. आणि हा दुसरा, स्टेल्थ रॉक? हा कशाला?"

"सब येइच रखते, मामू."

सगळे हेच ठेवतात. या तीन शब्दांवर मला आज बोलायचं आहे, आणि थोडं रागानं बोलायचं आहे. राग भाच्यावर कमी आहे, आपल्या सगळ्यांवर जास्त आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्या स्वतःवर आहे. शेवटपर्यंत वाचलंत तर कारण कळेल.

आधी ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मलाही तो माझ्या वर्गातल्या पोरांनीच शिकवला. पोकेमॉन म्हणजे पॉकेट मॉन्स्टर, खिशातले प्राणी. 1996 साली जपानमध्ये गेम बॉय नावाच्या हातातल्या छोट्या यंत्रावर हा खेळ आला. तो बनवणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, त्या छंदातून ही कल्पना निघाली. आपल्याकडच्या मुलांना पोकेमॉन आधी टीव्हीवरच्या कार्टूनमधून माहीत झाला. पण मी बोलतोय ते कार्टूनबद्दल नाही, लढतीबद्दल. सहा प्राण्यांची टीम बांधायची आणि समोरच्याच्या टीमशी लढायचं. प्रत्येक प्राण्याला शिकता येतील असे मूव्ह, म्हणजे डाव, कितीतरी असतात. लढतीत मात्र तो फक्त चार घेऊन उतरू शकतो.

खेळाचा सगळा जीव या चारमध्ये आहे. पाचवी जागा नाही. एक डाव घेतला की दुसरा सोडावा लागतो.

मूव्हसेट म्हणजे हे चार डाव, आणि त्यांच्याबरोबर ठरवायच्या आणखी काही गोष्टी. प्राण्याच्या हातात कोणती वस्तू द्यायची. त्याचा स्वभाव कोणता ठेवायचा. स्वभाव पंचवीस आहेत, त्यातले पाच सोडले तर बाकीचे एक गुण दहा टक्क्यांनी वाढवतात आणि दुसरा दहा टक्क्यांनी कमी करतात. शिवाय मेहनतीचे 510 पॉइंट मिळतात. ते सहा गुणांत वाटायचे, आणि एका गुणाला 252 पेक्षा जास्त द्यायचे नाहीत. दोन गुण पूर्ण भरले की 504 झाले, उरले सहा. सर्वांत वरच्या, शंभराव्या पातळीवर दर चार पॉइंटांमागे गुण एकानं वाढतो, म्हणून त्या सहातले चारच कामाचे. 'दोनशे बावन्न, दोनशे बावन्न, चार' हे आकडे पोरं पाढ्यासारखे म्हणतात. ते का, हे शंभरातल्या किती पोरांना सांगता येईल, याचा अंदाज मी वाचकांवर सोडतो.

आता आपल्या वडीलधाऱ्यांकडे वळू. या खेळाचं नाव काढलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं. 2001 साली सौदी अरेबियातल्या उलेमांनी पोकेमॉनविरुद्ध फतवा दिला. जुगाराशी साम्य आणि दुसऱ्या धर्मांची चिन्हं, ही त्यातली कारणं होती. त्याच काळात अरब देशांत अफवा पसरली की 'पोकेमॉन' या शब्दाचा अर्थ 'मी ज्यू आहे' असा होतो. अर्थ काय, ते वर सांगितलंच. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं समजून कोणी हसू नये. 2016 साली पोकेमॉन गो आला तेव्हा त्यातली अंडी देवळांच्या जागी दिसतात, त्यानं भावना दुखावतात, म्हणून गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली आणि न्यायालयानं नोटीसही काढली. ज्याला खेळाकडे न बघताच मत द्यायचं असतं, त्याला कोणत्याही धर्मात कारण सापडतं.

पैसे लावून खेळत असतील तर तो जुगारच, त्यात मला वाद नाही. नमाज बुडवून, अभ्यास टाकून खेळत असतील तर कान धरा. पण आमच्या स्टाफरूममध्ये जे ऐकू येतं, 'पोरांचं डोकं बिघडलं, विचार करायचंच सोडलं', ते ऐकून मला विचारावंसं वाटतं: सर, विचार करायला आपण त्यांना शिकवलं होतं कधी?

दुसऱ्या बाजूचे लोकही मला तितकेच चुकीचे वाटतात. 'या खेळानं बुद्धी तल्लख होते, गणित सुधारतं' असं म्हणणारे. खेळात गणित आहे, खरंच आहे. पण ते गणित दुसऱ्यानं सोडवून ठेवलेलं उचललं तर तुमचं काय सुधारणार? भाचा जिथं खेळतो तो सिम्युलेटर ब्राउझरमध्ये फुकट चालतो. तिथं अख्खी टीम मजकूर म्हणून चिकटवता येते. प्राणी, वस्तू, स्वभाव, पॉइंट, चार डाव, सगळं एका पेस्टमध्ये. दहा सेकंदांत टीम तयार. बुद्धीला कुठं हात लागला?

त्याच्या हरण्याचाच हिशेब बघा. त्यानं उचललेला गारचॉम्पचा सेट एकास एक लढतीचा होता. त्या प्रकारात मैदानात दोन्ही बाजूंचा एकेकच प्राणी असतो. भूकंपानं शेजारी मरायचा प्रश्नच नाही, कारण शेजारी कोणी नाहीच. मित्राबरोबरची लढत होती जोडीची. दोघे इकडचे, दोघे तिकडचे. अशा लढतीत भूकंप समोरच्या दोघांना बसतो आणि आपल्या जोडीदारालाही बसतो. त्यात हीट्रान हा आग आणि पोलाद या दोन प्रकारांचा, जमिनीच्या डावाचा मार त्याला चौपट.

आता स्टेल्थ रॉक घ्या. या डावानं समोरच्याच्या अंगणात अणकुचीदार दगड तरंगत राहतात, आणि त्याचा नवा प्राणी मैदानात आला की प्रत्येक वेळी त्याला लागतात. एकास एक लढतीत एक प्राणी आधीच मैदानात, मागे पाच, आणि त्यांची सारखी अदलाबदल. तिथं दगड पेरून ठेवणं शहाणपणाचं. भाच्याच्या लढतीचा नियम होता सहातून चार निवडायचे. दोन सुरुवातीलाच मैदानात उभे, मागून यायचे फक्त दोनच. त्या दोघांसाठी चार जागांतली एक जागा आणि लढतीतली एक अख्खी चाल खर्च करायची का? हा दुसरीतल्या वजाबाकीचा प्रश्न आहे. त्यानं ती केली नाही, कारण सगळे हेच ठेवतात.

इथं मला त्या साइटची बाजू घ्यावी लागेल. या खेळाचा अभ्यास करणाऱ्यांची जी एक जुनी आणि मोठी जागा आहे, स्मोगन नावाची, ती 2004 पासून चालू आहे. तिथं नुसता सेट नसतो. खाली सविस्तर लिहिलेलं असतं: हा डाव का, त्याच्याऐवजी दुसरा कधी, टीममध्ये सोबत कोण हवा, याला कोण रोखतो. लिहिणाऱ्यांनी कारण दिलेलं आहे. आमची पोरं वरचा चौकोन उचलतात आणि खालचा निबंध सोडून देतात. तुम्हाला गाइडची आठवण झाली असेल. पण त्यातही फरक आहे. आमच्या गाइडमध्ये कारण छापलेलंच नसतं.

सेट बांधणं म्हणजे नेमकं काय, हे दोन-तीन उदाहरणांनी सांगतो.

नवीन खेळणाऱ्या पोराला विचारा, वीजवाल्या प्राण्याला थंडर देशील की थंडरबोल्ट? तो थंडर म्हणेल. त्याची ताकद 110, थंडरबोल्टची 90. मोठा आकडा दिसला की झालं. पण थंडर शंभरात सत्तर वेळाच लागतो, थंडरबोल्टचा नेम शंभर टक्के आहे. 110 चे सत्तर टक्के म्हणजे 77. सरासरीनं 90 वालाच भारी पडला. आठवीच्या मुलाला येणारं हे गणित आहे. मात्र उत्तर इथंच संपत नाही. टीममध्ये पाऊस पाडणारा प्राणी असेल तर पावसात थंडर चुकतच नाही, आणि उत्तर उलटं होतं. 'कोणता डाव चांगला' या प्रश्नाला उत्तर नाही. 'कोणाबरोबर, कोणासमोर, कोणत्या नियमात' हे विचारल्याशिवाय तो प्रश्नच अपुरा आहे.

आता गारचॉम्पचं बघा. 2006 साली जपानमध्ये डायमंड आणि पर्ल हे खेळ आले, त्यात तो पहिल्यांदा दिसला. त्याचा वेगाचा मूळ आकडा 102. त्या काळी बऱ्याच तगड्या प्राण्यांचा हाच आकडा होता 100. दोनच गुणांचा फरक. शंभराव्या पातळीवर, पॉइंट पूर्ण भरून आणि वेग वाढवणारा स्वभाव ठेवून हिशेब केला तर 100 वाल्याचा वेग 328 होतो, गारचॉम्पचा 333. पाचानं जास्त. या खेळात जो वेगवान तो आधी मारतो, एकानं जास्त असला तरी तोच आधी. त्या पाचामुळे गारचॉम्प शंभराच्या अख्ख्या रांगेच्या पुढे उभा राहिला. इतका जड झाला की स्मोगनच्या लोकांनी त्याला त्या पिढीच्या नेहमीच्या लढतींतून बाहेर काढलं. पण हे दोन गुण कामाला लावायचे तर वेगात पूर्ण पॉइंट घालावे लागतात. कोणी म्हणालं, 'मी याला थोडा चिवट करतो, वेगातले पॉइंट काढून बचावात टाकतो', तर टाकू दे. फक्त आपण काय विकून काय घेतोय, हे त्याला माहीत हवं.

आणि जुना सेट नव्या काळात चालत नाही, त्याचं उदाहरण ग्याराडोस. पाण्यातला अजस्र प्राणी. त्याचा अंगाच्या जोराचा हल्ला 125, दुसरा, ज्याला विशेष म्हणतात तो हल्ला फक्त 60. 2006 पर्यंत नियम असा होता की पाण्याचे सगळे डाव विशेष हल्ल्यात मोजले जायचे. म्हणजे पाण्यातल्या या राक्षसाला पाण्याचाच डाव नीट मारता येत नव्हता. मग नियम बदलला, प्रत्येक डावाचं स्वतंत्रपणे ठरू लागलं, आणि वॉटरफॉल हा डाव अंगाच्या जोरात मोजला जाऊ लागला. प्राणी तोच, आकडे तेच, पण नियम बदलल्यामुळे त्याचा सगळा हिशेब बदलला. ज्याला कारण माहीत होतं त्यानं आपला सेट त्याच दिवशी बदलला असेल. ज्याला नुसता सेट पाठ होता, तो जुनाच घेऊन बसला असेल.

पण मला सगळ्यात जास्त आवडतो तो 2014 चा किस्सा. खेळाची जागतिक स्पर्धा त्या वर्षी अमेरिकेत वॉशिंग्टनला झाली. मोठ्यांच्या गटात दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क जिंकला. त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होता. पाचिरिसू म्हणजे विजेची खार. गुबगुबीत, निळी-पांढरी, दिसायला गोंडस. तिच्या सहा गुणांची बेरीज 405, गारचॉम्पची 600. हल्ला 45, विशेष हल्लाही 45. जागतिक स्पर्धेत अशी खार घेऊन कोण येतं? सगळे हेच ठेवतात या नियमानं ती कोणाच्याच टीममध्ये असायला नको होती.

तिचे चार डाव बघा. पहिला फॉलो मी: समोरच्याचे हल्ले जोडीदाराकडून वळवून स्वतःवर घ्यायचे. दुसरा नझल: मार किरकोळ, पण लागला की समोरचा लुळा पडतो आणि त्याचा वेग घटतो. तिसरा सुपर फँग: समोरच्याचा जितका जीव शिल्लक असेल तो निम्मा करायचा. चौथा प्रोटेक्ट: एक चाल स्वतःला झाकून घ्यायचं. आता तिचा हल्ल्याचा आकडा पुन्हा आठवा, 45. या चारपैकी कशालाही त्या आकड्याची गरज पडत नाही. सुपर फँगला मारणाऱ्याची ताकद लागतच नाही, निम्मं म्हणजे निम्मं. जे तिच्याकडे नाही त्याच्यावर एकही डाव टेकलेला नाही. मग पॉइंट हल्ल्यात घालायचे कशाला, ते तिला चिवट करण्यासाठी मोकळे झाले.

एवढंच नाही. त्याच टीममध्ये ग्याराडोस होता. पाणी आणि उडणारा असा दुहेरी प्रकार असल्यामुळे विजेचा मार त्याला चौपट बसतो. आणि या खारीची क्षमता आहे व्होल्ट अॅब्सॉर्ब, म्हणजे वीज तिला लागत नाही, उलट त्यातून तिचा जीव भरतो. ग्याराडोसवर सोडलेली वीज फॉलो मीनं खारीकडे वळते, आणि जी वीज त्याला संपवणार होती ती हिची दवा होते. टीममधल्या सगळ्यात दुबळ्या प्राण्यानं सगळ्यात दांडग्याची राखण केली.

हे कोणत्याही तयार चौकोनात नव्हतं. हे कोणीतरी बसून, वहीत आकडे मांडून, 'माझ्या टीमला काय हवं आहे' असं स्वतःला विचारून काढलेलं उत्तर होतं. आणि आता तुम्ही तीच खार उचलून आपल्या टीममध्ये टाकलीत, तुमच्याकडे ग्याराडोस नसला, राखण करण्यासारखं कोणी नसलं, तरी टाकलीत, तर ती पुन्हा 405 गुणांची खार आहे. पार्कचा सेट उचलता येतो, त्यानं स्वतःला विचारलेला प्रश्न उचलता येत नाही.

इथं माझे काही वाचक मला अडवतील, आणि त्यांनी अडवावंच. नक्कल केल्याशिवाय कोण शिकलं? मी स्वतः उर्दू शिकवतो. अलिफ-बे गिरवल्याशिवाय हात वळत नाही. खुशनवीस होणारा माणूस वर्षानुवर्षं उस्तादाच्या अक्षरावरून अक्षर काढतो. मग पोरानं सेट उचलला तर एवढं काय बिघडलं?

उचलण्यानं काहीच बिघडलं नाही. मीही नवख्याला हेच सांगेन की आधी तयार सेट घे, दहा-वीस लढती खेळ, हात बसू दे. पण उर्दू शायरीत इस्लाहची रीत होती, ती आठवा. शागिर्द आपला शेर लिहून उस्तादाकडे न्यायचा. उस्ताद एखादा शब्द बदलायचा, एखादी ओळ खोडायचा, आणि हुशार शागिर्द घरी जाऊन विचार करत बसायचा की हाच शब्द का बदलला. शेर शागिर्दाचाच असायचा. उस्तादाची ग़ज़ल आपल्या नावावर मुशायऱ्यात वाचणाऱ्याला कोणी शागिर्द म्हणत नसे, त्याला म्हणायचा शब्द वेगळा होता. गिरवणं ही पहिली पायरी आहे. आमचा गुन्हा हा की आम्ही पोरांना दहावीपर्यंत त्याच पायरीवर बसवून ठेवतो आणि मग म्हणतो, ही वर का चढत नाहीत.

आम्ही म्हणजे कोण? आता माझ्यावरच्या रागाकडे येतो.

बीएडला असताना आम्हाला पाठ टाचणं काढावी लागायची. प्रत्येक पाठाला उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतूकथन, सगळं रकान्यांत. हेतूकथन म्हणजे आज मी काय शिकवणार आणि कशासाठी, हे वर्गाला दोन वाक्यांत सांगणं. मी ती टाचणं मागच्या बॅचच्या एका मित्राच्या वहीवरून उतरवली. सगळी नाही, पण बरीचशी. एका टाचणावर त्याच्या वर्गाची पटसंख्यासुद्धा तशीच उतरली होती. तपासणाऱ्यांनी सही केली. त्यांनीही वाचलं नव्हतं. हेतू दुसऱ्याचा, कथन माझं. त्या कागदांवर मी शिक्षक झालो.

पुढचं सांगायला मला जड जातं. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मराठीच्या परीक्षेसाठी मी फळ्यावर 'माझी आई' हा निबंध लिहून दिला होता. उर्दू माध्यमाची मुलं, मराठी त्यांच्या घरात नाही, निदान पास तरी होतील, हा माझा विचार. मुलांनी पाठ केला. पेपर तपासताना ओळीमागून ओळ तीच: माझी आई पहाटे उठते, मला डबा करून देते, मी शाळेतून यायची वाट पाहते. चाळीस आया, सगळ्या पहाटे उठणाऱ्या. मी दहापैकी आठ, दहापैकी सात असे गुण टाकत गेलो. त्यातल्या एका मुलाची अम्मी त्याच वर्षी वारली होती. मला माहीत होतं, मी जनाज्याला गेलो होतो. त्याच्याही पेपरात ती पहाटे उठून डबा करत होती. मी त्याला आठ दिले. पेपर गठ्ठ्यात टाकून पुढचा घेतला, आणि मग हात थांबला.

मी त्या मुलाला कधी विचारलं नाही की तू असं का लिहिलंस. उत्तर मला माहीत होतं. सगळे हेच लिहितात.

त्याच्याकडे लिहिण्यासारखं त्या चाळीस जणांत कोणाकडेच नव्हतं इतकं होतं. मोडक्यातोडक्या मराठीत चार ओळी लिहिल्या असत्या तरी त्या त्याच्या असत्या. मी त्याला चार जागा दिल्या आणि चारही आधीच भरून दिल्या. म्हणून भाच्यानं 'सब येइच रखते' म्हटलं तेव्हा मला त्याचा राग आला नाही. तो माझाच विद्यार्थी आहे, माझ्या वर्गात न बसलेला.

वडीलधाऱ्यांना म्हणून माझी विनंती आहे: पोराच्या हातातला मोबाइल हिसकावण्याआधी एकदा शेजारी बसा आणि विचारा, हा चौथा डाव का ठेवलास? खेळ कळायची गरज नाही, प्रश्न कळला तरी पुरे. त्याला कारण सांगता आलं तर पोरगं विचार करतंय, वेळेचं काय ते नंतर बोला. सांगता आलं नाही तर तुमची तक्रार खरी आहे. पण मग तोच प्रश्न त्याच्या विज्ञानाच्या वहीलाही विचारा, त्याच्या निबंधालाही विचारा. तिथं चालवून घेता आणि खेळात पकडता, हे बरोबर नाही.

खेळणाऱ्या पोरांना सांगतो: सेट उचला, खुशाल उचला. पण प्रत्येक डावासमोर एका ओळीत हेतूकथन लिहा. हा कोणासाठी, हा कोणाविरुद्ध, याच्याऐवजी काय सोडलं. ज्या डावासमोर ओळ लिहिता येणार नाही तो काढून टाका, मग तो जगातल्या नंबर एकच्या सेटमध्ये का असेना.

आणि शिक्षकांना सांगायचा मला हक्क नाही, म्हणून मी काय करतो तेवढं सांगतो. त्यानंतर मी फळ्यावर निबंध लिहून दिलेला नाही. शब्द देतो, वाक्य सुरू करून देतो, चूक दुरुस्त करतो. निकाल थोडा खाली आला. त्याबद्दल मला बोलावून विचारण्यातही आलं. पण पेपर तपासताना आता चाळीस वेगवेगळ्या आया भेटतात. कोणी पहाटे उठते, कोणी विड्या वळते, एक आहे जी रात्रपाळीहून येते आणि दुपारपर्यंत झोपते.

भाच्यानं त्या संध्याकाळी माझ्या जुन्या हजेरीच्या वहीमागे गारचॉम्प नव्यानं मांडला. स्टेल्थ रॉक काढला आणि प्रोटेक्ट घातला. भूकंप ठेवला. मी भुवई उंचावली तर म्हणाला, शेजारी आता हीट्रान नाही, उडणारा ठेवतो, त्याला जमिनीचा डाव लागतच नाही. चारांपैकी तीन डावांसमोर ओळ लिहिली. चौथ्यासमोर पेन टेकवून बराच वेळ बसला, मग म्हणाला, "मामू, याचं मला अजून नाही माहीत."

दुसऱ्या दिवशी मित्राशी खेळला आणि पुन्हा हरला. जेवताना मात्र कोणी न विचारताच सांगत होता की नेमका कोणत्या चालीला हरला, आणि त्या चौथ्या जागी काय असतं तर वाचला असता.